निरोपाचा प्रसंग आणि दारातली शेळी

मंडळी, आज खरंच दमलोय.

कादंबरीतला एकच प्रसंग बाराव्यांदा लिहितोय. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. वेल्ह्याकडचा एक तरुण पलटणीत भरती होऊन लढाईवर निघालाय आणि बायको त्याला निरोप देतेय. जुन्या चांगल्या कादंबऱ्यांत दोन वाक्यांत माणूस उभा राहतो. माझी नायिका दीड पान बोलते, तरी उभी राहत नाही.

शेवटी दुपारी विंझरला जाऊन अंजनाआत्यांना तो प्रसंग वाचून दाखवला. आत्या नव्वदीच्या. त्या लहान असताना त्यांचे वडील असेच लढाईवर गेले होते.

ऐकून म्हणाल्या, "एवढं कोन बोलायचं रं? सासऱ्याम्होरं नवऱ्याशी बोलायची सोय न्हवती."

"मग तुमची आई काहीच बोलली नाही?"

"बोलली की. दारात शेळी बांधलेली, तिला म्हनली, 'तुला रानात कोन न्यायचं गं आता?'"

"आणि वडील?"

"त्यांनी शेळीच्या पाठीवर हात ठिवला. तिलाच म्हनले, 'म्या येतो म्हनावं.'"

"आले?"



"शेळी म्हातारी होऊन दारातच मेली. आईनं कुनाला इकू दिली न्हाई."

घरी येऊन दीड पान खोडलं. नायिकेला आता एकच वाक्य उरलंय, आणि तेही नवऱ्याशी नाही.

तुमच्या घरी एकमेकांना सांगायचं मनातलं कुणाला ऐकवायचे?