ऑर्विलचा मागचा डोळा

सामन नदीकाठच्या आमच्या कॅम्पिंगच्या तळावर टीव्ही दिसत नाही, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. दुपार कलली की नवे पाहुणे गाड्या उलट्या घेत आपापल्या जागेत घालू लागतात, आणि आम्ही जुनी मंडळी घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे वळवतो. बघत नसल्यासारखं दाखवत सगळं बघणं, हा इथला शिष्टाचार.

या रंगमंचावरचा आमचा लाडका नट म्हणजे नॉर्थ डाकोटाचा ऑर्विल टॉर्गर्सन. जन्मभर धान्याचं कोठार सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर पिकअप ट्रकच्या पाठीवर चढवायचं पांढरं घर घेतलं. बिछाना, शेगडी, संडास, सगळं त्यात. दर उन्हाळ्यात तो ते पाठीवर घेऊन कासवासारखा येतो. फरक इतकाच, की कासवाला आपल्या पाठीचा अंदाज असतो.

पूर्वी बायको मागे उभी राहून हातवारे करायची. तिचं नाव मार्लिस. गेल्या वर्षी ऑर्विलने तिच्या खुणांकडे न बघता पाण्याच्या नळाचा खांब आडवा केला, आणि वर अख्ख्या तळाला ऐकू जाईल असा ओरडला, "हात हलवतेयस की माश्या हाकलतेयस?"

मार्लिसने दोन्ही हात खिशात घातले. "यापुढे एक जरी ओरखडा उठला, तर हे घर विकायचं," ती म्हणाली. "मी बोटीच्या सहलीला जाणार, आणि तू बॅगा उचलत मागून येणार."

ऑर्विलने चारचौघांत कबूल केलं. खरं तर त्याला गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते, आणि त्या पांढऱ्या घरात तर त्याचा जीव अडकलेला.

मग त्याने नवा ट्रक घेतला. हिवाळाभर फोनवर एकच कीर्तन. "अरे, याला मागे डोळा आहे! कान आहेत! आणि उलट बोलत नाही!" डोळा म्हणजे कॅमेरा, कान म्हणजे बंपरमधले सेन्सर. पण कॅमेरा बसवलेला मागच्या फाळक्यात, आणि घर पाठीवर चढवायचं तर फाळका काढूनच ठेवावा लागतो. म्हणजे ट्रकचा डोळा गॅरेजमध्ये घोंगडी पांघरून पडला. उरले सेन्सर. त्यांना घराची पायरीच अडथळा वाटायची, त्यामुळे रिव्हर्स टाकला रे टाकला की कोकलायला लागायचे. ऑर्विलने त्यांचंही तोंड बंद केलं. मार्लिसचं आधीच केलं होतं.

तरी हार मानेल तो ऑर्विल कसला? एक स्वस्तातला बिनतारी कॅमेरा आणून त्याने घराच्या पाठीवर चिकटवला, त्याचा पडदा स्टिअरिंगपाशी बसवला, आणि त्याची इतकी तारीफ केली की आमच्या डेल्बर्टनेही तस्साच आणून आपल्या गाडीच्या पाठीवर लावला. डेल्बर्ट यंदा आधीच येऊन बसला होता, आणि अस्वल आलं तर दिसावं म्हणून तो कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा. त्याची जागा ऑर्विलच्या जागेच्या बरोबर मागे, पाठीला पाठ लावून.

ऑर्विल आला. मार्लिस लाल टोपी घालून खाली उतरली, खुर्ची मांडून जागेच्या कडेला बसली.

"बघच आता!" खिडकीतून ऑर्विल.

"तेवढ्यासाठीच खुर्ची आणलीय."

पांढरं घर दिमाखात मागे सरकू लागलं. आणि एकदम करकचून ब्रेक, पाठोपाठ हॉर्न.

"ए गाढवा! मागे बघ की! डेल्बर्ट, हा कोण येडा माझ्या अंगावर येतोय?"

डेल्बर्टने तोंडातला हॉटडॉग बाहेर काढला. "कुठे?"

"माझ्या मागे!"

"तुझ्या मागे मीच आहे."

"अरे, पडद्यावर दिसतोय ना धडधडीत! पांढरं घर आहे त्याचं." ऑर्विलने गाडी वीतभर मागे घेतली. "बघ, मी हललो की हलतो, थांबलो की थांबतो! मुद्दाम करतोय! झाडावर आदळणार आता. आदळू दे, अद्दल घडेल! आणि बायको बघ त्याची, लाल टोपी घालून ढिम्म बसलीय खुर्चीत, हातात..."

मार्लिसने कॉफीचा घोट घेतला.

ऑर्विलने आरशात पाहिलं. मग पडद्यावर. मग पुन्हा आरशात. त्याच्या कॅमेऱ्याने वाटेतच मान टाकली होती, आणि पडद्याने बिनतक्रार डेल्बर्टच्या कॅमेऱ्याचं चित्र पकडलं होतं. पाइनचं खोड घराच्या कोपऱ्यापासून जेमतेम हातभर.

आम्ही सगळे आपापल्या कपात बघू लागलो.

"मार्लिस."

"काय?"

"जरा हात दाखवतेस का?"

"आज माश्या नाहीत."

"चुकलं माझं," ऑर्विल पुटपुटला.

"मागच्या वर्षी बराच मोठा होता रे तुझा आवाज."

"चुकलं माझं!" नदीपलीकडचे मासेमारसुद्धा वळून बघू लागले.

मार्लिस उठली. डावा हात, उजवा हात, थोडं पुढे, आता सावकाश. ऑर्विल पडद्यावर डोळे लावून तिच्या खुणा बघत होता. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आत बसली. ओरखडा नाही.

संध्याकाळी शेकोटीपाशी तो एका नव्या जोडप्याला ऐटीत सांगत होता, "मागे कॅमेरा हवाच. त्याच्याशिवाय आज जमलंच नसतं!"

मार्लिसने दोन्ही हात खिशात घातले. उद्या त्यांचा मुक्काम पुढच्या तळावर होता, आणि डेल्बर्ट व त्याचा कॅमेरा काही तिथे जाणार नव्हते.