कोयत्याचा खटला

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारातच होतो. त्यांच्याच एका अशिलासाठी पुढची तारीख मागून नुकताच बाहेर पडलो होतो... बऱ्या होऊन येतील, असं त्याला सांगितलंही होतं.

नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली वकिली शिकलो. तेव्हा नाशिकच्या कोर्टात हत्यार बाळगल्याच्या किरकोळ केसेस बहुतेक एकाच पद्धतीने निकाली निघत. आरोपी गुन्हा कबूल करी, थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा होई, संध्याकाळी तो घरी जाई. सगळ्यांचीच सोय. फक्त त्याच्या नावावर गुन्हा कायमचा लागे. ताईंना ही सोय कधीच मानवली नाही.

पेठकडचा देवराम ऊसतोडीला निफाडकडे निघाला होता. बस स्टँडवर बंदोबस्त होता, त्याच्या गाठोड्यात कोयता सापडला आणि हत्यारबंदीचा गुन्हा दाखल झाला. ताईंनी जामीन मिळवला, तेव्हा तो म्हणाला, कबूल करून टाकतो, घरी जाऊ द्या. त्याच्या गावाला वनखात्यात हंगामी पहारेकऱ्याची जागा निघणार होती आणि गुन्हा लागला की ती त्याला मिळणार नव्हती, हे ताईंनी त्याच्याकडूनच काढून घेतलं. मग म्हणाल्या, "न केलेलं कबूल करायला तुला माझी गरज नाही. लढायचं असेल तर मी आहे."

खटला लांबला. प्रत्येक तारखेला मजुरी बुडायची. त्याची बायको भिमाबाई एकदा व्हरांड्यातच ताईंवर भडकली. तुमच्या खऱ्याखोट्यापायी आमची चूल बंद पडायची पाळी आली, असं तिचं म्हणणं होतं. ताईंनी ऐकून घेतलं. तिला समजावण्याऐवजी त्या आत गेल्या आणि देवरामला दर तारखेला हजर राहण्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज लिहायला बसल्या. तो मंजूर झाला.

साक्षी सुरू व्हायच्या दिवशी सरकारी वकिलांनी पुन्हा सुचवलं... कबूल करा, आत्ताच मिटेल. देवराम डळमळला. उत्तर भिमाबाईने दिलं. "एवढं सोसलं ते कबूल करायला नाय. लढ."

पंच म्हणून आलेला चहावाला उलटतपासणीत सांगून बसला की त्याने सही पोलीस चौकीत केली, गाठोडं उघडताना पाहिलंच नाही. मग ताईंनी सीलबंद कोयता उघडायला लावला आणि तपास अधिकाऱ्याला विचारलं, याने ऊस तोडतात की नाही? तोडतात, असं त्यांना म्हणावंच लागलं. शेतीच्या अवजाराला हत्यारबंदीचा कायदा लागत नाही, एवढंच ताईंनी न्यायाधीशांपुढे मांडलं. देवराम निर्दोष सुटला. पुढे तो वनखात्याची खाकी वर्दी घालून, भिमाबाईसोबत पेढे घेऊन आला, तेव्हा ताईंनी पहिला पेढा भिमाबाईच्या हातावर ठेवला.

ताई जाऊन महिना झाला. इंदिरानगरातलं त्यांचं ऑफिस आता मी बघतो. टेबलासमोर त्यांनी कधी खुर्ची ठेवलीच नाही. अशील त्यांच्या शेजारी बसे, दोघं मिळून आरोपपत्र वाचत. परवा अंबडच्या कारखान्यातला एक कामगार आला. त्याच्या पिशवीत रबर कापायची सुरी सापडली होती. कबूल करून टाकू का, असं विचारत तो दारातच उभा राहिला. मी शेजारची खुर्ची ओढली, त्याला बसवलं आणि आरोपपत्र दोघांच्या मधे ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.