दारातून परतलेली माहेरवाशीण

आमच्या गावचा समुद्र भलता खादाड. माडांची अख्खी रांग खाऊन त्याने सुमावहिनींची विहीर गिळली आणि ढेकर दिली ती थेट तालुक्याला ऐकू गेली! पुढे वहिनींचं घरच होतं, म्हणून हा बंधारा बांधला. दगड असे, की भरतीसुद्धा नमस्कार करून माघारी जाते.

आज सकाळी मी आणि वहिनींनी बंधाऱ्यावरून खाली पाहिलं. वाळूत कासविणीची वाट उमटली होती. ती पाण्यातून सरळ वर आलेली, दगडांना टेकलेली, बंधाऱ्याच्या कडेकडेने दार शोधत फिरलेली आणि परत समुद्रात गेलेली. लाटेच्या तोंडाशी अंडी उघडीच पडली होती.

"इथल्याच वाळूत जन्मलेली, बाळंतपणाला माहेरी आली हो ती," वहिनी म्हणाल्या, "आणि आपण कडी लावून बसलो!"

"मग काय, बंधारा पाडायचा? तुमचं घर जाईल."

"पाडायचा कशाला? माझ्या परसात वाळू आहे, तिथे पुरू." वहिनी खाली उतरून अंडी पदरात घेऊ लागल्यासुद्धा. "पिल्लं झाली की आजोळहून पोचवायला आपणच जायचं, भावजी."

मी मान डोलावली, पण नजर त्या वाटेवरून हटेना. जन्मभर थापा मारल्या. पण स्वतःच्याच माहेराभोवती दार शोधत फिरणारी आई मला कधी सुचली नव्हती.