ब्राउनीतील ओलाव्याबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीपार, धंदा अर्जलेखन, बैठक रत्नागिरीच्या कचेरीच्या आवारात बदामाच्या झाडाखाली. सामनेवाले : आमचे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे खात्यातून सेवानिवृत्त. घटनेचा काळ : गेल्या दिवाळीपासून आजतागायत, मुख्यत्वे रविवार. घटनेचे ठिकाण : साडूंच्या घराचे परस व तेथील चूल. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, साडूंच्या पत्नी, ज्यांना आम्ही सर्व ताई म्हणतो, तीन, नाक्यावरील किराणा दुकानदार, जो साक्षीस येण्यास राजी नाही. विषय : ब्राउनी नावाचा काळसर, चौकोनी, कोको घातलेला केक व त्यातील ओलावा.

वरील प्रकरणी सत्य निवेदन करतो की, राजापूरपासून मंडणगडापर्यंत आमच्या साडूंइतका संशयी इसम आढळून येणार नाही. कोणी आढळल्याचे सांगितलेच, तर त्या सांगणाऱ्याचाच साडूंना प्रथम संशय येईल. सारी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटे करून पारड्याच्या बुडाशी चिकटवलेली चिंच शोधून काढण्यात घालवली. खात्याने त्यांना सेवानिवृत्त केले, परंतु त्यांच्या नजरेला तसा आदेश अद्याप पोहोचलेला नाही. लग्नात पेढा हाती आला की तोंडात टाकण्यापूर्वी ते तो तळहातावर किंचित उडवून झेलतात आणि यजमानाकडे असे बघतात की त्या बिचाऱ्याने निर्दोष असूनही नजर चुकवावी. नारळ कानाशी हलवून पाणी ऐकणे हे आपण सर्वच करतो. साडूंना मी गॅसची टाकी आणि औषधाची सीलबंद बाटलीही हलवून ऐकताना पाहिलेले आहे. एकदा आम्ही सहकुटुंब आरे-वारेला गेलो असता सर्व मंडळी भेळ खात बसली आणि साडू दिनदर्शिकेतील भरतीची वेळ घड्याळाशी ताडून पाहत ओल्या वाळूत उभे राहिले. पाणी पायाला लागल्यावर परत येऊन म्हणाले, "उशिरा आला." कोण, असे मी विचारता त्यांनी समुद्राकडे बोट दाखवले.

बंदरावरच्या मासळीवाल्या त्यांना लांबून ओळखतात. बांगड्याचा कल्ला उचलायचा, डोळा न्याहाळायचा, पोट दाबायचे आणि वर विचारायचे, "ताजा कशावरून?" एकदा एकीने माझ्यादेखत उत्तर दिले, "काका, बांगडा मेलाय तो. तो काय साक्ष द्यायला उठणार नाय. घ्यायचा तर घ्या, नायतर बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय." साडूंनी तो घेतला, घरी नेऊन खाल्ला, आणि चवीला उत्तम लागल्यामुळे त्यांचा संशय अधिकच बळावला.

अशा या गृहस्थांस एकच कन्या, नेत्रा. लग्नानंतर ती ठाण्याला बँकेत पक्क्या नोकरीवर होती. ती नोकरी सोडून तिने घरच्या घरी ब्राउन्या भाजून विकण्याचा रीतसर परवाना काढला, तेव्हापासून साडूंनी तिच्याशी बोलणे बंद केले. "सोडलीन! बँक सोडलीन आणि भट्टी लावलीन," एवढेच ते म्हणत. पुढे माझ्याजवळ एकांतात म्हणाले, "तात्या, काळ्या केकावर माणूस जगतो कसा? एक तर ही लोकांना फसवतेय, नाहीतर हिला कोणीतरी फसवतंय." मुलीच्या हाताला चव असेल, ही तिसरी शक्यता मांडायला त्यांच्या खात्याच्या कागदात रकानाच नव्हता.

दिवाळीला नेत्राने ब्राउन्यांचा एक डबा आमच्या घरी पाठवला. वडिलांच्या घरी पाठवण्याची तिची छाती झाली नाही. साडू सहज म्हणून आले, डबा पाहिला, एक तुकडा उचलून दोन बोटांत दाबला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मऊ आहे."

"मऊच असते म्हणे," माझी पत्नी म्हणाली.

"ठाण्याहून येऊन? एवढे दिवस डब्यात राहून?" असे म्हणून त्यांनी तो तुकडा कागदात गुंडाळून खिशात घातला आणि चहा न घेता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या बदामाखाली हजर.

"तात्या, अर्ज लिहा."

"कोणाविरुद्ध, अण्णा?"

"नेत्राविरुद्ध. अन्नाची तपासणी करतात त्या कार्यालयाकडे. परवाना देताना काय बघितलंत ते पुन्हा बघा म्हणावं. केक मऊ राहावा म्हणून ती काहीतरी घालतेय."

माझे शिक्षण बेताचे असले तरी अर्जाची ताकद मी जाणतो. खुद्द बापाच्या सहीचा अर्ज गेला तर त्या मुलीची भट्टी बंद पडेल हे मला दिसत होते. आणि भट्टी पुढेमागे सुरू झालीही असती, पण बापलेकीचे जे तुटले असते ते कोणत्याच कार्यालयात जोडून मिळाले नसते. नाही म्हणावे तर साडू दुसऱ्या अर्जलेखकाकडे जाणार, आणि आमच्या आवारातील दुसरे अर्जलेखक काहीही लिहून देतात. म्हणून मी चष्मा काढून म्हटले, "लिहितो. पुरावा काय?"

"मऊपणा."

"मऊपणा हा अपराध होत नाही, अण्णा. शुद्ध साहित्याची ब्राउनी कशी होते हे आधी सिद्ध करा, मग फरक मांडता येईल."

माणूस कंटाळून घरी बसेल असा माझा अदमास होता. साडू त्याच पावली कोको आणायला गेले.

दुकानात जे घडले ते दुकानदाराने मला पुढे स्वतः सांगितले. साडूंनी पुडा हलवून ऐकला, तिथेच फोडला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "कडू आहे. खराब झालाय."

"काका, कोको कडूच असतो."

"मग चॉकलेट गोड कसं?"

"साखर घालतात."

"म्हणजे भेसळ."

तरीही त्यांनी तो पुडा घेतला. घरी आणून त्यातील थोडा पेल्यातल्या थंड पाण्यात टाकला, थोडा पांढऱ्या फडक्यातून चाळला, थोडा नाचणीच्या पिठाशेजारी ठेवून उजेडात रंग ताडून पाहिला. अंडी पाण्यात बुडवली. साखर स्वतःच्या जुन्या तराजूवर जोखली. कृतीसाठी मोबाइलवर एका बाईची चित्रफीत लावली होती, ती त्यांनी मध्येच थांबवली. "ही बाई एवढी हसते का?"

"तिचा केक होतोय म्हणून," ताई म्हणाल्या.

वास्तविक कृतीत लपवण्यासारखे काही नव्हते. लोणी वितळवावे, त्यात साखर घोटावी, मग अंडी फेसून घालावीत, चाळलेला कोको व मैदा हलक्या हाताने मिसळावा, चिमूटभर मीठ, आणि भाजावे. पण भाजण्यापाशी साडू अडले. शेजारून आणलेल्या ओव्हनच्या काट्यावर त्यांचा विश्वास बसेना. "आकडा लिहिलाय म्हणून तेवढी उष्णता असेलच कशावरून?" अखेर ताईंनी पदर खोचला. ताईंचे तवसाळे, म्हणजे जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेला आमचा कोकणी केक, सर्व आळीत नावाजलेले. त्यांनी परसातली चूल पेटवली, पातेल्यात मिश्रण ओतले, वर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे, आणि हातात हीर, म्हणजे माडाच्या झावळीची काडी, घेऊन उभ्या राहिल्या. तवसाळ्यात हा हीर खुपसून स्वच्छ बाहेर आला की ते झाले समजायचे. ओलसर आला की अजून निखारे.

पहिल्यांदा हीर ओलसर आला. दुसऱ्यांदा किंचित चिकट. ताई म्हणाल्या, "माझ्या हातचं कधी कच्चं उतरलेलं नाही," आणि हीर कोरा ठणठणीत येईपर्यंत त्यांनी निखारे बदलले.

ती ब्राउनी मी पाहिली आहे. तिला जांभ्याचा चिरा म्हणणे हा चिऱ्यावर अन्याय होईल, कारण चिरा कोयत्याने घडवता येतो. शेजाऱ्यांच्या गाईने हुंगली आणि ती मागे सरली. साडू मात्र समाधान पावले. "बघा! शुद्ध साहित्याची ब्राउनी अशी होते. कडक. म्हणजे तिच्यात काहीतरी घातलेलं आहे. लिहा अर्ज."

मी म्हटले, एका नमुन्यावर कसे लिहू. पुढच्या रविवारी दुसरा चिरा झाला. त्यापुढच्या रविवारी तिसरा. आणि येथून माझ्या मनात संशयाने घर केले, तो मी नमूद करतो. पुरावा झाला होता तर हा माणूस दर खेपेस अधिक चांगले लोणी का आणत होता? मैदा अधिक बारीक का चाळत होता? माझ्या पत्नीला त्यांनी उभ्या उभ्या विचारले, "नेत्रा लोणी खारं घालते की बिनखारं? तुला काही बोलली असेल तर चौकशीपुरतं सांग." ज्याला गुन्हा सिद्ध करायचा आहे तो आरोपीसारखेच उत्तम करण्याची धडपड कशाला करील?

अखेर माझी टाळण्याची कारणे संपली व मी अर्ज लिहिला. साडूंनी तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम खोडला, सहीच्या जागेवर पेन टेकवले आणि उचलले. म्हणाले, "सामनेवालीचा जबाब घेतल्याशिवाय अर्ज देणं नियमात बसत नाही." असा कोणताही नियम नाही. मला नियम माहीत आहेत. मी अर्जाची घडी करून खिशात ठेवली.

फोन ताईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, आवाज सर्वांस ऐकू येईल असा. माझी पत्नी, ताई आणि मी साक्षीला.

"नाव सांगा," साडू म्हणाले.

पलीकडे फिरत असलेला मिक्सर बंद झाल्याचे ऐकू आले. मग, "बाबा?"

"पूर्ण नाव."

"तुम्हीच ठेवलंत की. आणि मला अहो-जाहो काय करताय?"

"चौकशीत अहो-जाहोच असते. ब्राउनीत ओलावा टिकावा म्हणून आपण काय घालता?"

"काही नाही घालत. बाबा, तुम्ही करून बघितलीत?"

मागून ताई म्हणाल्या, "तीनदा बघितलंनी करून. गाईनंसुद्धा तोंड लावलं नाही गो."

फोनमधून हसू आले, ते मध्येच कसेतरी झाले आणि पुन्हा सावरले. "आई, तू हीर घेऊन उभी होतीस ना? कोरा येईपर्यंत?"

"मग? कच्चं उतरवू?"

"तवसाळ्याला कोराच यायला हवा. पण ब्राउनी हिराला थोडी चिकटतेय तोवरच उतरवायची. मग हात न लावता निवू द्यायची. निवता निवता आत बाकीचं होतं. मीसुद्धा पहिल्यांदा तुझ्यासारखंच केलं होतं. फेकून दिलं सगळं."

"म्हणजे कच्ची विकतेस," साडू म्हणाले.

"हो बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तपासा."

पुढील रविवारी त्या परसात जे भांडण झाले त्याला तोड नाही. हीर चिकट आला आणि साडू म्हणाले उतरव, ताई म्हणाल्या माझी अब्रू जाईल. साडूंनी स्वतःच फडक्याने पातेले खाली घेतले आणि कोणी हात लावू नये म्हणून शेजारी पाट टाकून बसले. निवल्यावर सुरीने कापली. आत काळीभोर, ओलसर, चकचकीत. साडूंनी तुकडा तळहातावर उडवून झेलला नाही. थेट तोंडात टाकला. चावत असताना ते विहिरीकडे बघत होते. आम्ही सर्व त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. ताईंनी विचारले, "काय हो?"

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही," साडू म्हणाले, आणि त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

तेव्हापासून दर रविवारी ब्राउनी भाजली जाते आणि दर रविवारी जबाबासाठी ठाण्याला फोन जातो. प्रश्न चौकशीचेच असतात: अंडी किती फेसायची, कोको कोणत्या दुकानाचा, आणि तुझा नवरा वेळेवर घरी येतो की नाही. गेल्या खेपेस नेत्रा म्हणाली, "शिमग्याला येते बाबा, समक्ष करून दाखवते." साडू घसा खाकरून म्हणाले, "ये. येताना कोको आणू नकोस. माझ्याकडचा तपासलेला आहे."

सबब विनंती अशी की, तो अर्ज अजून माझ्याजवळ आहे आणि त्यावर सही नाही. मी आयुष्यभर लोकांसाठी एकच मागणे लिहीत आलो, की प्रकरण त्वरित निकाली काढावे. या एका प्रकरणात मात्र हात जोडून उलट मागतो. सामनेवाल्यांनी सही करू नये. अर्ज मागेही घेऊ नये. निकाल लागला तर रविवारी त्यांनी फोन कोणत्या कारणाने करावा? मुलीशी सरळ बोलणे त्यांना जमायचे नाही, आणि त्यांचे वय आता काही नवीन शिकण्याचे राहिलेले नाही. तरी ज्या कोणास अधिकार असेल त्यांनी या चौकशीला मुदतीवर मुदत द्यावी, आणि तसे दोन ओळींत लेखी कळवावे. उत्तर बदामाखाली पाठवावे. रविवारी मात्र मी तेथे नसतो, चौकशीला हजर असतो.

कळावे,
अर्जदार