कपाच्या तळाशी

चहा संपला की सबिता कप उलटा करून त्याचं बूड बघायची. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हाही तेच. "कुणी केला? नाव नाय," म्हणाली आणि चोरीचा माल पकडल्यासारखा कप माझ्या हातात दिला.

तिच्या वडिलांना महाडच्या केमिकल कारखान्यात काम मिळालं म्हणून हे कुटुंब ओडिशातून आलं. सबिता महाडजवळच्या सव गावात एका बाईंच्या भट्टीवर मातीच्या कपांवर नक्षी काढायची. तिथल्या साऱ्या पोरी अशाच, बाहेरून आलेल्या. गावी सणाला भिंतीवर तांदळाच्या पिठाने वेली काढतात, तशाच ती पांढऱ्या मातीत बोट बुडवून कपावर काढायची. विकताना पाटी काय? 'अस्सल कोकणी कला'! बुडाला शिक्का मालकीणबाईंचा. पोरींनी ओल्या मातीत नाव कोरलं की बाई स्पंजाने पुसून टाकायच्या.

मी तडक पत्रक लिहिलं: 'परप्रांतीय भगिनींच्या कलेची लूट!'

"परप्रांतीय काढ गो," सबिता म्हणाली. "सवचं पाणी पिते मी. आणि खाली तुझंच नाव केवढं मोठं! माझं कुठं हाय?"

"तुझं छापलं तर काम जाईल."

"जाऊ दे. नाव तर राहील."

तेवढ्यात पोलादपूरच्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. शेवटच्या भाजणीआधी कप चकाकीच्या लेपात बुडवतात. कच्चा लेप दुधासारखा, खालचं सगळं झाकतो. भाजला की काचेसारखा होतो. लेपाआधी प्रत्येकीने कपाच्या आत, तळाला, काळ्या रंगाने आपलं नाव लिहिलं. बेत सबिताचा.

भट्टी उघडली. कपाकपांत नावं. बाई सवयीने स्पंज घेऊन धावल्या!

"पुसा की," सबिता म्हणाली. "भाजलंय आता. नाय निघायचं."

ऑर्डर अडवणं बाईंना परवडणार नव्हतं. कप गेले, आणि सबिताचं काम गेलं. ती दुसऱ्या गावच्या भट्टीवर निघाली तेव्हा महाडच्या स्टँडवर मी तावातावाने मोर्चाचं बोलत होते. एसटीच्या खिडकीतून ती ओरडली, "काढ मोर्चा! पण आधी पोरींना विचार!"

विचारलं. पोरींनी मोर्चा नको म्हटलं आणि बाईंना स्वतःच सांगितलं: नाव नाय, तर नक्षी नाय. नक्षीशिवाय ते कप घेणार कोण? स्पंज थांबला.

परवा पोलादपूरच्या त्या हॉटेलात चहा घेतला. शेवटच्या घोटाखालून अक्षरं वर आली: सबिता, सव. दुसरा चहा मागवला. त्या कपाच्या तळाशी होती फुलमती, सव. ही पोर सबिता गेल्यावर कामाला लागलेली.