विंगेतलं त्रिशरण

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी जाग आली तीच भीतीने. चालताना साडी पायात येईल, उत्तर विसरेन, असली ती भीती नव्हती. मी सगळ्यांसमोर पडेन, हातपाय ताठ होतील, तोंडाला फेस येईल आणि समोर बसलेली माझी लेक ते बघेल, हीच एक धास्ती होती.

मला शाळेत असल्यापासून फिट्स येतात. लग्नाआधी वडिलांनी हे माझ्या मिस्टरांना नि सासूबाईंना स्पष्ट सांगितलं होतं, आणि दोघांनी तरीही होकार दिला होता. गोळ्या चालू होत्या, बरीच वर्षं काही झालं नव्हतं. पण भीतीवर गोळी नसते. बेलवलीच्या आमच्या घरात मी एकटी असले तर गॅस पेटवत नसे, बाथरूमला आतून कडी लावत नसे. सासूबाईंनी ही गोष्ट बाहेर कुणाला कळू दिली नव्हती. "लोकांच्या जिभेला हाड नसतं," म्हणायच्या. आमच्या भागातल्या महिला मंडळाने लग्न झालेल्या बायकांसाठी सौंदर्यस्पर्धा ठेवली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला न विचारताच माझं नाव दिलं. सतरंजीवर बसलेल्या बायकांसमोर, साध्या ट्यूबलाइटखाली मी चालले आणि पहिली आले. जे शरीर कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता, ते त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं वाटलं. मग उल्हासनगरची फेरी झाली, तिथेही निवडले गेले, आणि तिथून थेट अंबरनाथला, अंतिम फेरीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, उघडझाप करणाऱ्या दिव्यांपासून लांब राहा. मी आयोजकांना आधीच विचारलं. "छे हो मॅडम, साधे फोकस आहेत," ते म्हणाले.

आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, अंगारा नाही, गंडादोरा तर नाहीच. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी भीतीही टाकून दिली, असं वडील अभिमानाने सांगायचे. माझ्या वाट्याला ती कुठून आली, कोण जाणे. विहारात वंदनेला बसले की ओठ बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचं त्रिशरण म्हणायचे आणि मन आतून म्हणत असायचं, आज नको, उद्याही नको. शरण जाते म्हणता म्हणता मी सौदाच करत असे.

पहिल्या दोन फेऱ्या नीट पार पडल्या. प्रश्नोत्तरांच्या आधी मुलींचे दोन नाच होते. आम्ही स्पर्धक विंगेत रांगेत उभ्या होतो. गाणं सुरू झालं आणि त्याच्या ठेक्यावर पांढरे दिवे भकाभक उघडझाप करू लागले. डोळे मिटले तरी पापण्यांतून ते लाल होऊन आत येत होते. मागे वळले, तर जिना पुढच्या नाचाच्या मुलींनी गच्च भरलेला. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या आणि जळक्या रबराचा वास आला. तो वास माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. तो आला की काय येणार, हे मला ठाऊक होतं.

माझ्यामागे उल्हासनगर कॅम्प पाचमधली एक सिंधी बाई उभी होती. माझ्याहून वयाने मोठी. दिवसभरात आम्ही एकमेकींकडे बघून फक्त हसलो होतो. "क्या हुआ? एकदम पांढरी पडलीस तू," ती म्हणाली.

"मला फिट येते. हे लाइट..." एवढंच मला बोलता आलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, वरून पदर टाकला आणि तळवा माझ्या डोळ्यांवर घट्ट दाबला. तिच्या पदरावरचे मणी गालात रुतत होते. "कुछ नहीं होगा," ती कानाशी म्हणाली, "आणि पडलीस तर मी धरते ना. खाली नाही पडू देणार."

मी मनात त्रिशरण सुरू केलं. पण या वेळी 'नको' म्हणायला बळच उरलं नव्हतं. येऊ दे, म्हटलं. यायची असेल तर येऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता ते शब्द म्हणत होते. दुसऱ्यांदा म्हणत असताना लाइट गेली. गाणं मध्येच तुटलं, हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या, "गेली रे!" असा एकच ओरडा झाला. पदराखाली मला आधी शांतता कळली, अंधार नंतर. थोड्या वेळाने जनरेटर लागला, पण त्यावर फक्त माइक आणि ट्यूबलाइटच चालत होत्या. आयोजक घामाघूम होऊन आत आले नि म्हणाले, "लायटिंग विसरा आता, प्रश्न घ्या!"

वास विरत गेला. मुंग्या थांबल्या. "स्टेजवर जाएगी?" तिने विचारलं. मी मान डोलावली.

परीक्षक बाईंनी मला विचारलं, "संसारात तुम्हाला सगळ्यात मोठा आधार कुणाचा?" पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "मला फिट्स येतात. आत्ता विंगेत येणार होती. जिचं नावही मला माहीत नाही, अशा एका ताईंनी मला धरून ठेवलं. आत्ता या क्षणी तरी आधार त्यांचा." ट्यूबलाइटच्या उजेडात मला सासूबाई दिसल्या, मान खाली घालून बसलेल्या. फिटपेक्षा जास्त भीती मला तेव्हा वाटली.

मुकुट दुसऱ्या कुणाला मिळाला. मला काहीच मिळालं नाही. बाहेर आले तशी लेक येऊन बिलगली. मागून सासूबाई आल्या, त्यांनी पर्स उघडून रुमालात गुंडाळलेला अर्धा कांदा दाखवला. फिट आली तर हुंगवायला म्हणून प्रत्येक स्पर्धेला तो त्यांच्याबरोबर होता. "सांगून टाकलंस, बरं केलंस बाई," त्या म्हणाल्या. "मला एकटीला नव्हतं गं पेलवत."

मिस्टर म्हणतात, लोडशेडिंग, दुसरं काय? मी वाद घालत नाही. तेव्हा आमच्याकडे लाइट रोजच जायची. त्यानंतरही मी स्पर्धांत उतरले, पण आधी आजार सांगून. एकांनी नकार दिला, एकांनी ते दिवे काढून टाकले. पुढे एकदा घरी फिट आलीसुद्धा. सासूबाई नि लेक शेजारी बसून होत्या. भीती गेलेली नाही. पण फिटपासून वाचव असं आता मी वंदनेत मागत नाही, आणि न मागताच मन शांत होतं. त्रिशरणात 'संघ' म्हटलं की पूर्वी माझ्या डोळ्यांपुढे फक्त चीवर घातलेले भिक्खू, विहारातले भन्तेजी यायचे. आता त्यांच्याबरोबर गालाला टोचणारे मणीही आठवतात, आणि माझे हात आपोआप जुळतात.