टकळी श्वास रोखतो

आमच्या गल्लीतल्या केस कापणाऱ्याला सगळे टकळी म्हणतात. खुर्चीत बसलात की मानेभोवती कापड आणि कानाभोवती त्याच्या गप्पा, दोन्ही एकदमच आवळतात. माणूस मात्र सोन्यासारखा. माझ्या डोक्यावर मोजून अकरा केस उरलेत, तरी अर्धा तास लावतो.

गेल्या महिन्यात माझे केस कापता कापताच त्याच्या डाव्या कुशीत कळ आली. घामाघूम झाला आणि चक्क गप्प बसला. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही. त्याची बायको आणि सहा केस कापलेला, पाच उरलेला मी, असे त्याला घेऊन इस्पितळात पोचलो. तिथे दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालं आणि टकळी पुन्हा सुरू.

डॉक्टरांना वाटलं मुतखडा. पण साध्या स्कॅनमध्ये खडा काही दिसेना. मग त्यांनी त्याचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडेनात. नाडी अडखळत होती. म्हणाले, हृदयातली गुठळी सुटून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत अडकली असावी. शिरेतून औषध सोडून फोटो काढला की रक्त कुठवर पोचतंय ते कळेल. उशीर झाला तर मूत्रपिंड हातचं जाईल.

यंत्रावरच्या ताईंनी बजावलं, की फोटोच्या वेळी श्वास रोखायचा, नाहीतर चित्र फिसकटणार, आणि हे औषध सारखं सारखं देता येत नाही. म्हणून आधी तालीम घेतली.

"श्वास रोखा."

"रोखला, ताई."

बोलला म्हणजे सुटलाच की! पुन्हा तालीम. "उत्तर देऊ नका."

"नाही देत. तुम्ही बिनधास्त काढा."

चौथ्या खेपेला ताईंनी कपाळाला हात लावला. मी दारातून सांगितलं, कानामागचे केस कापताना हा कंगवा दातांत धरतो, तेवढाच वेळ जगाला शांतता मिळते. बायकोने त्याच्या सदऱ्याच्या खिशातला कंगवा काढून दिला. ताईंनी तो प्लास्टिकचाच असल्याची खात्री केली, त्याच्या दातांत दिला आणि आम्हाला बाहेर काढून दार लावलं.

"तीस वर्षं संसार केला," बाकावर बायको म्हणाली, "मला हे कधी सुचलं नाही." हसली, आणि मग डोळे पुसत बसली.

चित्र लख्ख आलं. उजवं मूत्रपिंड औषधाने उजळलेलं. डाव्याची वरची फोड मात्र काळीकुट्ट. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं. आठवड्याने डॉक्टर म्हणाले, तेवढा तुकडा गेला, बाकी बारा आणे वाचलं.

बारा आण्यांवर दुकान चालेल का, टकळीने विचारलं. आरामात चालेल, असं डॉक्टर म्हणेपर्यंत तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगू लागला होता.